आमच्या अँटेनाचे तोंड

गेल्या एप्रिलमध्ये पावसाळ्याआधी घराची कौले चाळायला घेतली. वर चढलेल्या गड्याने खाली वाकून विचारले, "हा पाइप ठेवायचा की काढायचा?" पाइप म्हणजे मागच्या भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली वीस फुटी नळी. तिच्या टोकाला टीव्हीचा जुना अँटेना अजून लटकून होता. सहा काड्यांपैकी चारच उरल्या होत्या, त्यातली एक माकडांनी वाकवलेली. खाऱ्या वाऱ्याने सांध्यांवर पांढरी बुरशी चढली होती. गेली वीस-बावीस वर्षे त्यावर कावळ्यांखेरीज कुणाचे लक्ष गेले नव्हते.

आम्ही गड्याला थांबायला सांगितले आणि स्वतः वर चढलो. कारण या काड्यांचे तोंड कुठे आहे, या एका प्रश्नावरून आमच्या घरात एकेकाळी महिनाभर अबोला होता, आणि तो प्रश्न आम्ही कधी मोजून पाहिला नव्हता.

आमचे गाव रत्नागिरीच्या आग्नेयेला, काजळी नदीच्या खोऱ्यात. मुसलमान मोहल्ला नदीच्या अंगाला, बाकीच्या वाड्या वरच्या उतारावर. कोकणातल्या अशा गावांत टीव्हीचा इतिहास शहरातल्यासारखा सरळ नाही. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी टीव्हीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला चित्र दिसू लागले. सह्याद्रीच्या अलीकडे मात्र अंधारच. टीव्हीच्या लहरी उजेडासारख्या सरळ जातात, डोंगर ओलांडून खाली उतरत नाहीत. मुंबईचे चित्र मुंबईच्या आसपासच राहिले. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला, आणि त्याच्याकडून कार्यक्रम घेऊन आसपासच्या वीस-पंचवीस किलोमीटरांत पुरवणारी शंभर वॉटची छोटी केंद्रे देशभर उभी राहू लागली. १९८४ मध्ये तर काही महिने सरासरी दिवसाला एक केंद्र सुरू होत होते. शंभर वॉट म्हणजे घरातल्या एका मोठ्या बल्बाएवढी ताकद. तेवढ्यावर अख्खा तालुका 'हमलोग' पाहत होता, हे आज मुलांना सांगितले तर हसतात.

आमच्या मोहल्ल्यात मात्र टीव्ही आधी आला आणि दूरदर्शन नंतर. सत्तरच्या दशकापासून कोकणी मुसलमानांची तरणी पोरे आखातात जाऊ लागली होती. त्याआधी बापजादे जहाजांवर खलाशी, सारंग म्हणून जात, तेव्हा घरी चिनी मातीची भांडी यायची. आता रुपेरी डब्यात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर येऊ लागला. दूरदर्शनवर रंग आला तो १९८२ साली. त्यापूर्वीच कोकणातल्या काही माजघरांत परदेशी रंगीत टीव्ही ठेवलेले होते. त्यांना अँटेनाची गरज नव्हती, कारण पकडायलाच काही नव्हते. कॅसेट लावायची आणि पाहायची. खिडक्या बंद, दार लोटलेले. घरात टीव्ही आहे हे शेजाऱ्यांना आवाजावरून कळे, पण कुणी बोट दाखवू शकत नसे.

अँटेनाने हे बदलले. टीव्ही घरात असतो, अँटेना छपरावर. घरातली चूल, भांडी, पेटीतले दागिने यांतले काही रस्त्यावरून दिसत नाही. अँटेना मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो. त्याला तोंड असते. आणि तोंड असलेल्या वस्तूबद्दल लोक बोलतात.

पहिले बोलणे घरातूनच आले. त्या काळी आमच्या मशिदीत जे मौलवी साहेब होते ते भले माणूस होते, पण तस्वीरीच्या बाबतीत कडक. ज्या घरावर काड्या दिसतील त्या घरी आपण जेवायला बसणार नाही, असे त्यांनी एका जुम्म्याला सांगून टाकले. त्यांचे म्हणणे उडवून लावावे असे आम्हांला आजही वाटत नाही. जिवंत माणसाची प्रतिमा हा आपल्याकडे जुना, गंभीर वादाचा विषय आहे आणि मोठमोठ्या आलिमांनी त्यावर दोन्ही बाजूंनी लिहिले आहे. लाउडस्पीकरवर नमाज पढवावी की नाही, यावरही हिंदुस्थानात असाच वाद झाला होता. खुद्द सौदी अरबस्तानात शाह फैसल यांनी १९६५ साली टीव्ही सुरू केला, तेव्हा त्यांच्याच घराण्यातला एक शाहजादा, खालिद बिन मुसाइद, रियाधच्या टीव्ही केंद्रावर माणसे घेऊन चालून गेला आणि त्या प्रकरणात पोलिसांच्या गोळीने मारला गेला. १९७५ साली ज्याने शाह फैसल यांचा खून केला तो त्याचाच सख्खा भाऊ. एका मनोऱ्यापायी राजघराण्यात रक्त सांडले. त्या मानाने आमच्या मौलवी साहेबांनी फक्त बिर्याणी नाकारली.

मोहल्ल्याने यावर तोड काढली. अँटेना माळ्यावर, कौलांच्या खाली लपवायचा. मातीची कौले या लहरींना फारशी अडवत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात चित्र बरे दिसे. पावसाळ्यात कौले भिजली की पडद्यावर मुंग्या. मग जून ते सप्टेंबर टीव्हीवर पडदा आणि सगळे घर परहेजगार. मौलवी साहेबांना हे ठाऊक नव्हते असे नाही. ते जून उजाडला की दावती स्वीकारू लागत, हे आमच्या दादीचे निरीक्षण. गंमत म्हणजे मशिदीवरचा भोंगा ज्या पाइपावर होता, तो बसवणारा आणि मोहल्ल्यातले अँटेना बसवणारा माणूस एकच होता: बाजारातला रेडिओ दुरुस्तीवाला.

आमच्या घरी अँटेना बाहेर आला तो १९९६ साली. चाचा दुबईत होते, टीव्ही त्यांनीच पूर्वी आणलेला. त्या वर्षी रमजान ईद फेब्रुवारीत झाली आणि त्याच महिन्यात क्रिकेटचा विश्वचषकही सुरू झाला. माळ्यावरचा अँटेना चेंडू दाखवत नव्हता, फक्त धावणारी माणसे दाखवत होता. अब्बा एस.टी.त कंडक्टर. चाचांनी ईदीचे म्हणून पाठवलेल्या पैशांतून थोडे त्यांनी बाजूला काढले आणि रेडिओवाल्याला बोलावले. आम्ही तेव्हा दुसरीत होतो. त्याच्या पिशवीत काय काय आहे ते पाहत दिवसभर त्याच्या मागे होतो.

अँटेना निवडणे हे वाटते तितके सोपे काम नव्हते. प्रत्येक केंद्राच्या लहरीची लांबी वेगळी, आणि काडी त्या लांबीच्या निम्मी असावी लागते. मुंबईचे केंद्र चौथ्या चॅनेलवर होते. त्याची लहर साडेचार मीटरांहून अधिक लांब, म्हणून मुंबईच्या अँटेनाची काडी सात-साडेसात फूट. वरच्या चॅनेलवरच्या केंद्रांना अडीच फुटांची काडी पुरे. भेंडीबाजारातून हौसेने आणलेला अँटेना गावच्या केंद्राला चालेलच असे नव्हते, आणि अशी फसगत झालेली दोन घरे तरी आमच्या माहितीत होती. एकाने तर सगळ्यांत मोठा तो सगळ्यांत चांगला, या हिशेबाने घेतला होता. रेडिओवाला म्हणे, "चपला पायाच्या मापानं घ्यायच्या की दुकानातल्या सगळ्यांत मोठ्या?"

माशाच्या काट्यासारख्या या वस्तूत खरे काम करते ती एकच काडी, मागून दुसरी, दुमडलेली. वायर तिलाच जोडलेली असते. तिच्या मागची काडी किंचित लांब असते आणि आरशासारखी लहर परत फेकते. पुढच्या काड्या किंचित आखूड असतात आणि लहरीला ओढून आणतात. या पुढच्या काड्या जितक्या जास्त, तितके लांबचे दिसते, पण तितकी नजर अरुंद होते. जवळच्या माणसाने चार काड्यांचा घ्यावा, खोऱ्यातल्याने सहा-आठ काड्यांचा. ही रचना जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी १९२६ च्या सुमारास सिद्ध केली. त्यांचे वरिष्ठ हिदेत्सुगु यागी यांनी ती १९२८ साली इंग्रजीत मांडली, म्हणून जगभर यागींचेच नाव झाले. जपानमध्ये तिला कुणी विचारले नाही. १९४२ साली सिंगापूर पडल्यावर जपानी अधिकाऱ्यांना एका ब्रिटिश सैनिकाच्या रडारच्या वहीत 'यागी' हा शब्द सापडला. त्याचा अर्थ त्यांना लागेना. शेवटी कैद्याने सांगितले की हे तुमच्याच माणसाचे नाव आहे. घरच्या वस्तूची ओळख परक्याकडून पटण्याची ही गोष्ट आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो.

काडीपेक्षा उंची महत्त्वाची. आमच्या आणि रत्नागिरीच्या मध्ये एक सडा आहे. त्याच्या कडेवरून नजर गेली पाहिजे. कौलारू छपराला पाइपाचा भार पेलत नाही, म्हणून तो मागच्या भिंतीत ठोकायचा, वरून तिन्ही बाजूंनी तारेचे ताण द्यायचे. पुष्कळ जण पाइपाचा खर्च वाचवायला माडाला किंवा पोफळीला अँटेना बांधत. वारा सुटला की झाड डुले आणि बातम्या देणारी बाई डुले. मग चपटी वायर. ती पाइपाला चिकटवून खाली आणली की चित्र मरते, ती लाकडी ठोकळ्यांवर अंतर राखून आणावी लागते. सांधे खाऱ्या हवेत वर्षभरात सडतात म्हणून त्यांवर मेण आणि टेप. वळवाच्या विजांसाठी पाइपाच्या बुडाशी जमिनीत एक तार पुरायची. ही तार पुष्कळ घरांत नसे, आणि विजा मे महिन्यात डोंगरमाथ्याच्या घरांचे टीव्ही जाळून जात.

शेवटचे काम दिशेचे. रेडिओवाला वर, अब्बा अंगणात, आम्ही खिडकीत आणि दादी पडद्यासमोर. वरून "आलं का?" खिडकीतून "थोडं!" अंगणातून "उजवीकडं!" एकदा दोन-दोन माणसे दिसू लागली: डोंगरावर आपटून आलेल्या लहरीची ती सावली. आणखी चार बोटे फिरवल्यावर सावली मूळ माणसात मिसळली आणि दादी म्हणाल्या, "बस, आता हात लावू नका." काड्यांचे तोंड वायव्येला स्थिरावले. दादींनी अंगणात येऊन वर पाहिले आणि समाधानाने म्हणाल्या, "किब्ल्याकडंच आहे की."

९ मार्च १९९६ रोजी बंगळूरला भारत आणि पाकिस्तान यांचा उपांत्यपूर्व सामना झाला. भारत ३९ धावांनी जिंकला. आमिर सोहेल आणि व्यंकटेश प्रसाद यांची ती चकमक आमच्या घरात अकरा माणसांनी पाहिली. त्यांत वरच्या वाडीतले तिघे होते. फटाके मोहल्ल्यातही वाजले. एवढे सांगण्याचे कारण असे की दुसऱ्या दिवशी अब्बांच्या गाडीत जे घडले, ते या सगळ्यानंतर घडले.

गाडी सकाळची, भरलेली. ओळखीचे एक गृहस्थ तिकिटाला पैसे देत मोठ्याने म्हणाले, "काय कंडक्टर, काल घरात चूल पेटली की नाही? अँटेना तर तिकडंच वळवलाय म्हणतात. पाकिस्तान स्पष्ट येतो ना?" गाडी हसली. अब्बांनी तिकीट फाडून दिले, सुटे परत दिले आणि पुढच्या बाकाकडे वळले. हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी त्याच गाडीतल्या दुसऱ्या माणसाकडून कळले. त्या दिवशी आम्ही पाहिले ते एवढेच की संध्याकाळी अब्बा ड्यूटीवरून आले, गणवेश न काढता शिडी लावून वर चढले आणि पान्याने पट्टी सैल करून काड्यांचे तोंड पूर्वेला, डोंगराकडे फिरवून टाकले.

पडद्यावर मुंग्या आल्या. दादींनी विचारले, "काय झालं?" अब्बा म्हणाले, "काही नाही. असंच राहू दे."

१९९६ साल होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला तीन वर्षेच झाली होती. मुंबईतून आमच्या खोऱ्यात परत आलेली दोन कुटुंबे अजून मोहल्ल्यातच होती. तेव्हा अब्बांना राग आला होता की भीती वाटली होती, हे आम्ही त्यांना कधी विचारले नाही. आज वाटते, दोन्ही नसेल. दिवसातून चार फेऱ्या त्याच रस्त्यावर, त्याच माणसांना तिकिटे द्यायची होती. दादी त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. त्यांच्या मते मुलाने टीव्ही बंद केला नव्हता, किब्ल्याकडून तोंड फिरवले होते.

आता या आरोपाकडे जरा थंडपणे पाहू. पाकिस्तान टेलिव्हिजन हिंदुस्थानातून दिसत होता का? दिसत होता, आणि हजारो घरांत दिसत होता. लाहोरचे केंद्र २६ नोव्हेंबर १९६४ रोजी सुरू झाले. लाहोरहून अमृतसर पन्नास किलोमीटर, मध्ये ना डोंगर ना दरी. ऐंशीच्या दशकात 'अनकही', 'तनहाइयां', 'धूप किनारे' या मालिकांसाठी अमृतसरमधली शीख आणि हिंदू घरे छपरावर उंचच उंच काठ्या उभारून काड्यांचे तोंड पश्चिमेला करीत. अमृतसरचे दूरदर्शन केंद्र १९७३ मध्ये सुरू झाले, तेव्हा लाहोरकरांनीही काड्या पूर्वेला वळवल्या. सत्तरच्या दशकात अमृतसरहून 'मुगल-ए-आझम' दाखवला गेला, त्या वेळी दूरदूरची माणसे तो पाहायला लाहोरला जमली होती. दोन्हीकडच्या सरकारांना ते फारसे आवडत नसावे. पण अमृतसरच्या सरदारजीला त्याच्या अँटेनावरून कुणी वतनाचा हिशेब विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. चांगली मालिका जिकडून येते तिकडे लोक तोंड करतात. इकडे रविवारी सकाळी बी. आर. चोप्रांच्या 'महाभारता'साठी मोहल्ल्यातले रस्ते ओस पडत, आणि त्याचे संवाद राही मासूम रझांनी लिहिले होते, हे आमच्या शाळेतले जुने मास्तर छाती फुगवून सांगत.

आमच्या गावी मात्र प्रश्न वेगळा होता. कराची आमच्यापासून हजार किलोमीटरांच्या वर. तिथल्या मनोऱ्याची लहर सरळ रेषेत निघाली तर पृथ्वीच्या गोलाईमुळे आमच्या डोक्यावरून कितीतरी उंच निघून जाईल. सहा काड्यांच्या अँटेनाने रोज पाकिस्तान पाहणे म्हणजे अंगणातल्या विहिरीवरून अरबी समुद्रातला मासा गळाला लावणे.

हे अब्बांना पटवून दिले ते रेडिओवाल्याने. एप्रिलच्या सुरुवातीला तो मशिदीच्या भोंग्याचे काम करायला आला, आमच्या छपराकडे पाहिले आणि सरळ अंगणात शिरला.

"भाई, हे कुणी फिरवलं?"

"मीच."

"का?"

अब्बांनी थोडक्यात सांगितले. रेडिओवाला आधी हसला, मग हसणे थांबवून म्हणाला, "चला वर."

दोघे चढले. मागून आम्हीही चढलो, कुणी हटकले नाही. त्याने हाताने दाखवले. मोहल्ल्यातली सात छपरे. वरच्या वाडीतली पंधरा-वीस. देवळाच्या पुजाऱ्याचे घर. ग्रामपंचायतीची इमारत. आणि उतारावर, आंब्याच्या मागे, गाडीतल्या त्या गृहस्थांचे घर. प्रत्येक छपरावर काड्या, आणि प्रत्येक काडीचे तोंड वायव्येला.

"अख्ख्या गावाचं तोंड रत्नागिरीकडं आहे," तो म्हणाला. "सगळे मीच बसवलेत. त्यांचं रत्नागिरीकडं आणि तुमचं पाकिस्तानकडं, असं कसं होईल? पाना द्या इकडं."

अब्बांनी पाना दिला नाही. स्वतःच पट्टी सैल केली. खालून दादींचा आवाज आला, "थोडं आणखी... आता हात लावू नका."

त्या गृहस्थांना कुणी काही बोलले नाही. पुढे त्यांचा बूस्टर जळाला तेव्हा ते मुलाला घेऊन आमच्याकडे रात्रीच्या बातम्या पाहायला येत. अब्बा त्यांना खुर्ची देत. तिकिटाच्या गोष्टीचा विषय निघाला नाही. आम्हांला हे आज थोडे खटकते, पण त्या पिढीची रीतच ती होती.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण समुद्राने रेडिओवाल्यालाही खोटे पाडले. मे महिन्यातली रात्र. इशाची अजान होऊन गेली होती. दूरदर्शनच्या चित्रावर आडव्या पट्ट्या सरकू लागल्या. आम्ही चॅनेलचे बटण पुढे नेले, तर एरवी रिकाम्या असणाऱ्या जागी चित्र उभे राहिले: पांढरा थोब घातलेला माणूस, खाली अरबी अक्षरे. आम्हांला ती अक्षरे वाचता येत होती. मदरशात कायदा संपवून कुराण सुरू झाले होते. वाचत होतो खडाखडा, कळत एक शब्द नव्हता. मग तो माणूस गेला, मशिदीचे चित्र आले आणि अजान सुरू झाली.

घरातले सगळे गप्प. घड्याळात साडेआठ. दादींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि अजान संपल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तिकडं आत्ता मगरिब झाली. तो कामावरून सुटला असेल."

पाऊण तासाने चित्र विरले. पुढच्या दोन आठवड्यांत असे तीन-चार वेळा झाले आणि पाऊस सुरू होताच थांबले.

याचे शास्त्र आम्हांला बी.एड. करताना, ग्रंथालयात भलतेच पुस्तक शोधताना सापडले. मार्च ते मे या महिन्यांत अरबस्तानाच्या वाळवंटावरून कोरडी, तापलेली हवा अरबी समुद्रावर सरकते. समुद्राला लागून असलेली हवा दमट आणि तुलनेने थंड. गरम हवेचे झाकण वर, दमट हवा खाली. या दोहोंच्या सांध्यात सापडलेली लहर वर निसटत नाही, पाण्याच्या अंगाने वाकत शेकडो किलोमीटर जाते, नळातून पाणी जावे तशी. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या किनाऱ्यावर बसवलेल्या ब्रिटिश रडारवर याच महिन्यांत हजार मैलांहून दूरच्या अरबी किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत. मोसमी पाऊस आला की झाकण उडे आणि रडारला पुन्हा जवळचेच दिसू लागे. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांना उन्हाळ्यात कधी आखाताची, कधी कराचीची केंद्रे अशी अवचित दिसत, ती याच वाटेने आलेली. त्यासाठी कुणाला काड्या फिरवाव्या लागत नव्हत्या. ज्यांच्या छपरावर अँटेना पश्चिमेकडे होता, त्या सगळ्यांच्या घरी पाहुणा येत होता, वाडी कोणतीही असो. वरच्या वाडीतही ते अरबी चित्र दिसले होते. फक्त तिथे अजानीची वेळ कुणी घड्याळाशी ताडून पाहिली नाही.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात आटपतो. २००० च्या सुमारास बाजारातून केबल आली आणि मोहल्ल्यातले अँटेना एकेक करून उतरले. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने मोफत डिशची सेवा सुरू केली. २०१६ साली मुंबई, औरंगाबादसह काही शहरांत काडीच्या अँटेनावर चालणारे डिजिटल प्रक्षेपणही सुरू झाले, पण तोवर लोकांच्या छपरावर काडी उरली नव्हती. शेवटी २०२१-२२ मध्ये जुनी जमिनीवरची केंद्रे, सीमाभागातली थोडी वगळता, टप्प्याटप्प्याने बंद झाली. ज्या मनोऱ्याकडे आमच्या गावाने तोंड केले होते, तिकडून बोलणारे कुणी राहिले नाही. रेडिओवाल्याचे दुकान आता मोबाइलचे आहे. मौलवी साहेब अल्लाला प्यारे झाले. त्यांच्या जागी आलेले तरुण इमाम हरमच्या तरावीह मोबाइलवर पाहतात, आणि त्यांना जेवायला बोलावताना कुणी छपराकडे पाहत नाही.

डिशला काड्या नसतात, पण तोंड असते. ज्या उपग्रहांवरून हे कार्यक्रम येतात ते विषुववृत्तावर, आमच्या पूर्वेला आहेत. त्यामुळे आज आमच्या गावातली झाडून सगळी थाळी आग्नेयेला पाहते: मोहल्ल्यातली, वाडीतली, पुजाऱ्याची आणि त्या गृहस्थांच्या मुलाचीही. काड्यांच्या नेमकी उलट दिशा. यावरून अजून तरी कुणी कुणाला काही म्हटलेले नाही.

तर त्या दिवशी आम्ही वर चढलो आणि मोबाइलमधले होकायंत्र काड्यांच्या दांडीला लावले. पट्टी गंजून घट्ट बसलेली, म्हणजे रेडिओवाल्यादेखत अब्बांनी आवळली तेव्हापासून ती हललेली नव्हती. काटा ३०३ अंशांवर थांबला. सरळ वायव्येच्या किंचित अलीकडे. खाली उतरून आम्ही नकाशावर हिशेब केला. आमच्या गावाहून किब्ला २८३ अंशांवर येतो. कराची ३२४ वर. काड्या दोहोंच्या जवळपास बरोबर मध्ये होत्या. दादी वीस अंशांनी चुकल्या होत्या आणि गाडीतले गृहस्थ एकवीस. दुबई निघाली २९९ अंशांवर. रत्नागिरीच्या पलीकडे रेषा तशीच वाढवली तर ती चाचांच्या शहराच्या अंगावरूनच जाते.

दादी २०११ साली गेल्या. अब्बा निवृत्त होऊन ओटीवर बसलेले असतात. त्यांना आकडे वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, "आणि रत्नागिरी?"

"३०३. काड्यांचं तोंड तिकडंच होतं."

"मग," ते म्हणाले, "रेडिओवाला बोललाच होता."

गड्याला सांगितले, काड्या काढ, पाइप राहू दे. पावसात कपड्यांची दोरी त्यालाच बांधतात. चार काड्यांतली एक आम्ही शाळेत नेली आहे. लहरींचा धडा दिवाळीनंतर येतो.